टाकीचे घाव



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा विषय निवडण्याचे काम माझ्यावरच सोपविले होते. ‘आपत्ती आणि माणसाचे शील’ असा विषय मी कळविला. तो वाचून चालकांपैकी एक तरुण गृहस्थ हसले आणि म्हणाले, “गुरुजी, यात नवीन काय सांगणार? टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, हे तर आमची आजीही सांगत असे.” त्यांचे म्हणणे खोटे नाही. ती म्हण आपण सगळेच सांगत आलो. शाळामास्तर म्हणून मी स्वतः ती किती वेळा फळ्यावर लिहिली असेल याची गणती नाही. आज मात्र त्या म्हणीपाशी थोडे थांबून विचार करावा, असे माझ्या मनात आहे. ते का आले, हे आधी सांगतो.

या गोष्टीला आता चाळीस वर्षे होत आली. मी नववीच्या वर्गाला शिकवीत होतो. वर्गात तीन कोसांवरच्या एका वाडीतून पायी येणारा एक मुलगा होता. अभ्यासात वाईट नव्हता. पावसाळा लागला की मधल्या ओढ्याला पाणी येई आणि तो दोन-दोन दिवस शाळेला मुके. एका संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि खाली मान घालून म्हणाला, “गुरुजी, पाऊस सरेपर्यंत शाळेच्या एका खोलीत झोपू द्याल का? भाकरी मी घरून आणीन.” खोली रिकामी होती आणि तिची किल्ली माझ्याचजवळ असे. पण परवानगी कोण काढणार, उद्या काही झाले तर जबाबदारी कोणाची, असे विचार मनात आले. ते काही मी त्याला सांगितले नाही. मी त्याला अण्णासाहेब कर्व्यांची गोष्ट सांगितली. परीक्षेसाठी ते शंभर मैल कसे चालत गेले, हे मोठ्या आवेशाने सांगितले आणि शेवटी तीच म्हण ऐकविली. मुलाने सगळे शांतपणे ऐकले, “होय गुरुजी” म्हणाला आणि गेला. दिवाळीच्या सुटीनंतर तो शाळेत आला नाही. पुढे कधीच आला नाही.

मी त्याला सांगितलेली गोष्ट खरी होती, पण ती अर्धीच होती, हे मला पुष्कळ उशिरा कळले. उरलेली अर्धी गोष्ट आज आपल्यापुढे सांगावयाची आहे.

आधी पहिली अर्धी पाहू. साल 1875. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला तो याच वर्षी. त्याच वर्षी कोकणातल्या मुरूडचा सतरा वर्षांचा एक किरकोळ अंगाचा मुलगा, धोंडो केशव कर्वे, आपल्या सोबत्यांबरोबर साताऱ्याला पायी निघाला. सहावीची सरकारी परीक्षा द्यावयाची होती. दिवस पावसाळ्याचे, वाट कुंभार्लीच्या घाटाची आणि अंतर शंभर मैलांहून अधिक. भिजत, धडपडत मंडळी साताऱ्यास पोहोचली. परीक्षा घेणाऱ्या अधिकाऱ्याने या मुलाकडे पाहिले आणि ‘तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस’ म्हणून त्याला परीक्षेस बसू दिले नाही. वय भरले होते, पण अंगलट लहान. आल्या पावली परत जाण्यावाचून गत्यंतर उरले नाही. हा मुलगा पुढे 1881 साली मॅट्रिक झाला, 1884 साली मुंबईत बी. ए. झाला आणि 1891 साली फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचा प्राध्यापक झाला. विधवेशी विवाह केला म्हणून 1893 साली त्याच्यावर गावाने बहिष्कार घातला. 1896 साली त्याने विधवांसाठी आश्रम काढला, 1916 साली महिला विद्यापीठ स्थापन केले आणि 1958 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, तो ‘भारतरत्न’ झाला.

ही गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप एक निष्कर्ष उमटतो: शंभर मैलांची ती चाल आणि तो अपमान यांनीच कर्वे घडविले. म्हणजे टाकीचे घाव बसले आणि मूर्ती झाली.

पण मंडळी, मूर्ती होते ती कशी? पाथरवट दगडावर टाकी चालवितो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे मूर्तीचा आकार असतो. कोठे मारावयाचे, किती जोराने मारावयाचे आणि कोठे हात आवरावयाचा, हे त्याला ठाऊक असते. दुष्काळाला हे ठाऊक नसते, साथीच्या रोगाला नसते आणि सावकाराच्या जप्तीलाही नसते. ते घाव आंधळे असतात. शिवाय पाथरवटाच्या अंगणात जाऊन पाहा. देवळात गेलेल्या एका मूर्तीमागे तेथे फुटलेल्या दगडांचा ढीग पडलेला असतो. त्या दगडांनीही घाव सोसलेच होते. फुटलेल्या दगडाला कोणी फूल वाहत नाही आणि त्याच्यावर कोणी म्हण रचीत नाही. आपण चरित्रे वाचतो ती तरलेल्यांची. बुडालेल्यांची चरित्रे लिहिली जात नाहीत. मग तरलेल्यांकडे पाहून आपण म्हणतो की पाणी फार चांगले होते!

हे नुसते शब्दांचे खेळ वाटू नयेत म्हणून एक खरे कुटुंब घ्या. कर्व्यांचा जन्म 18 एप्रिल 1858 चा. त्यानंतर पाचच दिवसांनी, 23 एप्रिलला, अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या घरी एक मुलगी जन्मली. याच पुढे पंडिता रमाबाई. शास्त्रीबोवांनी पत्नीला संस्कृत शिकविले, म्हणून लोक रागावले. त्या पत्नीने, लक्ष्मीबाईंनी, ते मुलीला शिकविले. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराण सांगत गावोगाव हिंडत असे. 1874 च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला आणि होते नव्हते ते विकून संपले. भीक मागण्याची सवय नाही, मजुरी करण्याची ताकद नाही. वडील गेले, पाठोपाठ आई गेली आणि नंतर मोठी बहीण गेली. उरली सोळा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ. ही दोघे हजारो मैल पायी हिंडली. झेलमच्या काठी थंडीत अंगावर पांघरूण नव्हते, तेव्हा वाळूत खड्डे खणून, मानेपर्यंत कोरडी वाळू ओढून घेऊन त्यांनी रात्री काढल्या, असे रमाबाईंनी लिहून ठेवले आहे. 1878 साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली आणि तेथील पंडितांनी या मुलीची विद्या पाहून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. दोनच वर्षांनी भाऊही वारला.

आता मला सांगा, दुष्काळाने रमाबाई घडविल्या, असे म्हणावयाचे काय? तसे म्हटले तर त्याच दुष्काळाने त्यांच्या आईवडिलांचे काय केले, बहिणीचे काय केले, याचाही जाब त्याला विचारला पाहिजे. भूक पाचही जणांच्या वाट्याला आली होती. कलकत्त्याला रमाबाईंना ज्या विद्येने उभे केले ती त्यांना भुकेने दिलेली नव्हती. ती आईने दिली होती. पहाटे झोपलेल्या पोरीला मांडीवर घेऊन त्या बाईने जे श्लोक पाठ करून घेतले, त्यांचे श्रेय आपण दुष्काळाच्या नावे मांडतो. हा हिशेब चुकीचा आहे.

कर्व्यांचेही तसेच. मुरूडला त्यांना सोमण गुरुजी भेटले. लोकांच्या उपयोगी पडावे, हा विचार त्या गुरुजींच्या सहवासात त्यांच्या मनात रुजला. साताऱ्याहून परत फिरताना घाटात जो मुलगा चालत होता त्याच्यामागे कोणी तरी उभे होते. माझ्याकडे आलेल्या मुलामागे उभे राहण्याची पाळी माझी होती.

या बाबतीत एका परदेशी अभ्यासाची हकीकत सांगण्यासारखी आहे. हवाई बेटांपैकी कवाई नावाच्या बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांच्या आयुष्याचा मागोवा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके घेतला. त्यांतली सुमारे 200 मुले गरिबी, घरातील कलह, आईबापांचे आजार अशा अनेक संकटांत एकाच वेळी सापडलेली होती. त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश मुलांना मोठे होताना शिक्षणात, वागणुकीत वा मनःस्वास्थ्यात गंभीर अडचणी आल्या. एकतृतीयांश मात्र समर्थ आणि मायाळू माणसे म्हणून वाढली. या एकतृतीयांश मुलांजवळ काय होते? स्वभावाचे काही गुण होते, हे खरे. पण पुन्हा पुन्हा एक गोष्ट आढळली. घरात वा घराबाहेर त्यांच्यावर जीव लावणारे निदान एक वडीलधारे माणूस होते. कोणाला आजी, कोणाला शेजारीण, कोणाला शिक्षक. आपल्या सोमण गुरुजींची महती त्या दूरच्या बेटानेही सांगितली, एवढेच म्हणतो.

इथवर मी बोललो ते दुष्काळ, दारिद्र्य आणि पाऊस यांच्याविषयी. पण आपत्तीचा आणखी एक प्रकार आहे आणि तो निसर्गाचा नाही. त्यासाठी पुन्हा साताऱ्याकडेच यावे लागते.

कर्वे साताऱ्यास आले त्यानंतर सव्वीस वर्षांनी, 1901 साली, साताऱ्याहून काही मुले उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांना भेटावयास निघाली. त्यांतला एक मुलगा होता भीमराव आंबेडकर. प्रवासासाठी मुलांना नवे कपडे शिवले होते, खिशात पैसे होते आणि डब्यात खाणे होते. मसूर स्टेशनवर ती उतरली. वडिलांना पत्र न मिळाल्यामुळे घ्यावयास कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तराने चौकशी केली. मुलांनी आपली जात सांगितली आणि त्याचा चेहरा पालटला. एकही गाडीवाला त्यांना गाडीत घेईना. अखेर दुप्पट भाडे देऊन, गाडी मुलांनीच हाकावयाची आणि गाडीवाल्याने बाजूने चालावयाचे, असे ठरले. रात्र पडली. पाणी कोणी देईना. डबा भरलेला होता, पोटात भूक होती, पण घोटभर पाण्यावाचून घास उतरणार कसा? ती मुले तशीच उपाशी निजली. बाबासाहेबांनी पुढे ही हकीकत स्वतः लिहिली आणि या प्रसंगाचा ठसा आपल्या मनावरून कधी पुसला गेला नाही, असे सांगितले.

ध्यानात घ्या, येथे अन्नाचा दुष्काळ नव्हता, पैशाचा नव्हता आणि पाण्याचाही नव्हता. दुष्काळ होता तो माणुसकीचा. आता बाबासाहेब एवढे मोठे झाले, म्हणून त्याचे श्रेय त्या गाडीवाल्याला द्यावयाचे काय? पाणी न देणारांचे आभार मानावयाचे काय? ‘घाव बसले म्हणून देवपण आले’ असे आपण सरसकट म्हणू लागलो, तर अखेर याच ठिकाणी येऊन पोहोचतो. घाव घालणारा हात आपलाच असतो आणि वर आपण शिल्पकाराचा मान मागतो! बाबासाहेब विद्येत वर चढले ते वडिलांनी कर्ज काढून पुस्तके घेतली म्हणून, केळुसकर गुरुजींनी वाचावयास उत्तेजन दिले म्हणून, सयाजीराव महाराजांनी 1913 साली शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस पाठविले म्हणून आणि या सर्वांहून अधिक, स्वतःच्या अहोरात्र कष्टांमुळे. तहानेने त्यांना फक्त एवढे शिकविले की तहान म्हणजे काय. आणि त्या माणसाने 20 मार्च 1927 रोजी काय केले? महाडच्या चवदार तळ्यावर हजारो लोकांसह जाऊन त्याने पाण्याची ओंजळ भरली. मसूरच्या वाटेवरची ती रात्र दुसऱ्या कोणत्याही पोराच्या वाट्याला येऊ नये, हा त्या ओंजळीचा अर्थ होता.

येथे मला आपत्तीच्या बाजूनेही एक शब्द बोलला पाहिजे, नाही तर तिच्यावर अन्याय होईल. आपत्ती माणसाला काहीच देत नाही, असे नाही. ती एक प्रकारचे ज्ञान देते. काटा नेमका कोठे सलतो, हे ज्याला बोचला त्यालाच समजते. 1896-97 च्या दुष्काळात मध्यप्रांतात पोरीबाळी अन्नान्न करीत रस्त्यांवर आल्या, तेव्हा रमाबाई तेथे गेल्या आणि शेकडो निराधार मुली-विधवांना त्यांनी आपल्याकडे आणले. केडगावचे ‘मुक्ती’ त्यातून वाढले. वीस वर्षांपूर्वीची स्वतःची भूक त्या विसरल्या नव्हत्या. पण हे ज्ञान दुधारी असते. त्यातून करुणा निपजते, तशीच कटुताही निपजते. ‘मी सोसले, आता तूही सोस’ असे म्हणणारी सासू आपण पाहिली आहे; ‘आम्ही मार खाऊनच शिकलो’ असे म्हणणारे मास्तर आणि ‘आम्ही उपाशी राहून वर आलो’ असे सांगत कारकुनाला राबविणारे साहेबही पाहिले आहेत. सगळ्यांनी हाल काढलेले असतात. फरक पडतो तो पुढच्या वळणावर. आपल्याला जेथे ठेच लागली तेथला दगड माणूस बाजूला करतो की मागून येणाऱ्यासाठी तसाच ठेवतो, यावरून त्याचे शील कळते. माझ्या मते चारित्र्याची खरी कसोटी संकट सोसण्यात नाही, ते संपल्यावर आपण काय करतो यात आहे.

आपल्यापैकी कोणी विचारील, “मग मुलांना फुलासारखे जपावयाचे काय? त्यांच्या अंगाला कष्ट लागूच द्यावयाचे नाहीत काय?” प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर एका माणसाने साताऱ्यातच देऊन ठेवले आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 साली ती साताऱ्यास आणली. तेथील वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीला जेवत. 1927 साली महात्मा गांधींनी या वसतिगृहाला राजर्षी शाहूंचे नाव दिले. भाऊरावांनी मुलांना आयते बसवून खाऊ घातले नाही. ‘कमवा आणि शिका’ हे त्यांचे सूत्र. मुलांनी शेतात खणावे, पाणी भरावे, भाकरी भाजाव्या आणि शिकावे.

पण श्रम निराळे आणि हाल निराळे. हा भेद भाऊरावांना जितका स्पष्ट दिसला तितका फार थोड्यांना दिसला. श्रमांच्या शेवटी भाकरी असते, झोप असते आणि उद्याची आशा असते. हालांच्या शेवटी पुन्हा हालच असतात. श्रम माणूस मान ताठ ठेवून करतो, हाल मान खाली घालून सोसतो. भाऊरावांनी मुलांच्या हातात कुदळ दिली, पण त्यांना उपाशी ठेवले नाही. वसतिगृहात धान्य सरले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना मोडला आणि शेवटी गळ्यातले मंगळसूत्रही दिले. पोरे उपाशी राहिली तर घडतील, असे त्या माउलीला वाटले नाही. टाकीची उपमा द्यावयाचीच असेल तर ती येथे द्या. येथे टाकी होती, आणि ती धरणारा, जीव लावणारा हातही होता.

आता कर्व्यांच्या गोष्टीचा तो राहिलेला भाग. साताऱ्याची ती चाल 1875 ची. 1936 साली अण्णासाहेबांचे वय 78 झाले होते. आश्रम उभा राहिला होता, विद्यापीठ उभे राहिले होते. कोणीही म्हाताऱ्याने आता स्वस्थ बसावे. पण त्या वर्षी त्यांनी ‘महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ’ नावाची नवी संस्था काढली. ज्या खेड्यांत शाळा नाही, सरकारचीही नाही आणि लोकल बोर्डाचीही नाही, तेथे शाळा काढावयाची, एवढाच तिचा हेतू. त्यासाठी हा वृद्ध माणूस वर्गणी गोळा करीत हिंडू लागला. पायी चालून ज्याचे आयुष्य घडले असे आपण म्हणतो, तो माणूस म्हातारपणी शाळा खेड्यांपर्यंत नेऊ पाहत होता. पोरांची पायपीट हीच जर चारित्र्याची शाळा असती, तर ती मोडण्याचा खटाटोप कर्व्यांनी कशाला केला असता?

माझ्या विद्यार्थ्याला मी साताऱ्याची चाल सांगितली. 1936 सालची ही गोष्ट सांगितली नाही. सांगितली असती तर ती मलाच लागू पडली असती. मला उठून किल्ली काढून द्यावी लागली असती.

एवढ्या विचारानंतर मी स्वतःपुरता एक नियम केला आहे, तो आपल्यापुढे ठेवतो आणि भाषण संपवितो. ‘संकटाने माणूस घडतो’ हे वाक्य माणसाने फक्त स्वतःविषयी बोलावे, तेही संकट ओसरल्यावर. स्वतःवर प्रसंग आला तर धीर धरण्यास ते उपयोगी पडते. तेवढ्यापुरते ते अमृत आहे. पण दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहून ते कधी उच्चारू नये. दारात उभ्या असलेल्या माणसाला ते ऐकविले की ते वाक्य उपदेश राहत नाही, मदत नाकारण्याची सबब होते. त्या वेळी म्हण आठवू नये; आपल्या खिशात कोणती किल्ली आहे, ते चाचपून पाहावे.

तो मुलगा आज पन्नाशी ओलांडून गेला असेल. कदाचित तो आपल्या पायांनी वर आलाही असेल. तसे असेल तर मला आनंदच आहे. परंतु त्यात माझे श्रेय नाही, आणि त्या ओढ्याचेही नाही. पावसाळा तोंडावर आला आहे. आपल्या गावाभोवतीही वाड्या आहेत, ओढे आहेत आणि रात्री रिकाम्या पडणाऱ्या खोल्या आहेत.